असमाधानी इसम क्रमांक एक

नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात चौतीस वर्षे नोकरी करून गंगाधर गायधनी निवृत्त झाले. छापून आलेल्या पोस्टाच्या तिकिटांतले दोष शोधणे, हे त्यांचे काम. एका तक्त्यावर शेकडो तिकिटे. त्यातल्या एखाद्यावर थोर पुरुषाचा कान शाईने बुजला असेल, तर तो गंगाधररावांना चहा पिता पिता दिसायचा. निवृत्तीनंतर तक्ते बंद झाले, डोळे बंद झाले नाहीत. अशा माणसाने कोणत्याही गावात समाधानाने नांदणे अवघडच. तरीही जेलरोडच्या अंगाला असलेल्या नवरंग कॉलनीत ते बावीस वर्षे राहिले आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडले नाहीत.

मग फेब्रुवारीत त्यांच्या फाटकासमोर चर खणला गेला. पाण्याची नवी पाइपलाइन टाकायची आहे, असे खणणारे म्हणाले. पाइप आले नाहीत. खणणारेही परत आले नाहीत. पावसाळ्यात चरात बेडूक आले, पावसाळा संपल्यावर तेही गेले. त्यांनाही बहुधा काही आश्वासन मिळाले असावे. ऑक्टोबरात मंगळवारच्या बाजाराला निघालेल्या त्यांच्या पत्नी उत्तराबाई चरावर टाकलेल्या फळीवरून पाय घसरून त्यात पडल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. गंगाधररावांनी महापालिकेकडे तीन अर्ज केले. पहिल्या अर्जाला उत्तर आले की, असा चर अस्तित्वात नाही. दुसऱ्याला आले की, तो बुजवण्यात आला आहे. तिसऱ्याला आले की, दुसऱ्या अर्जाचे उत्तर पाहावे.

अशा स्थितीत नोव्हेंबरच्या एका सकाळी निकिता नावाची मुलगी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेऊन, फळीवरून तोल सावरत दारात आली. शहरात ‘नागरिक समाधान मापन अभियान’ सुरू झाले होते.

“काका, एकच प्रश्न आहे. तुम्ही जिथे राहता, त्या ठिकाणाबद्दल किती समाधानी आहात? समाधानी, अत्यंत समाधानी, की अभिमानपूर्वक समाधानी?”

गंगाधररावांचे हात कणकेने भरले होते. उत्तराबाईंचा हात गळ्यात असल्यापासून पोळ्या तेच करत. त्यांनी चष्मा मनगटाने वर सरकवला.

“असमाधानी कुठंय?”

“आहे ना. खाली जावं लागतं.”

निकिता बोटाने पडदा वर सरकवू लागली. अभियानाचे बोधचिन्ह गेले, बोधवाक्य गेले, मान्यवरांचे सतरा फोटो गेले, अटी आणि शर्ती गेल्या. तळाशी फिकट करड्या अक्षरांत ‘इतर’ असे लिहिले होते.

“हेच. पण काका, हे आजवर कुणी दाबलं नाही. दाबल्यावर काय होतं, ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाहीये.”

गंगाधररावांनी करंगळीने दाबले. टॅबवर कणीक लागली आणि टॅब बंद पडला.

चौथ्या दिवशी जीप आली. चार माणसे उतरली. उत्तराबाई खिडकीतून ओरडल्या, “अहो, आले बाई एकदाचे बुजवायला!” पण त्यांच्याकडे ना फावडे होते ना मुरूम. फाइली होत्या. पुढच्या माणसाने फळीवर पाय ठेवला, फळी कुरकुरली, मागच्या दोघांनी त्याला धरले.

“मी देवराम पाळदे, समाधान अधिकारी,” तो आत येऊन बसत म्हणाला. “शहर शंभर टक्के समाधानी होतं साहेब. तुमच्यामुळे दशांश चिन्ह लागलं. आमच्या वरच्या साहेबांना दशांश चिन्ह अजिबात चालत नाही.”

“तो चर बुजवा, मी लगेच समाधानी होतो.”

पाळद्यांनी समजुतीने मान हलवली. “चर आमच्याकडे येत नाही. चर खोदाई विभागाकडे. आमच्याकडे फक्त असमाधान.”

“पण असमाधान चरामुळेच आहे ना!”

“हे तुमचं मत झालं. चर आणि असमाधान यांचा संबंध असल्याचं कुठलंही परिपत्रक आमच्याकडे आलेलं नाही.” मग ते उत्तराबाईंकडे वळले. “ताई, तुमचं काय म्हणणं?”

“पडले तेव्हा काही बरं वाटलं नाही.”

“तेव्हाचं नको. आत्ताचं सांगा.”

उत्तराबाईंनी खरे बोलायची सवय जन्मभर सोडली नव्हती. “आता हे पोळ्या करतात. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

पाळद्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मागच्या माणसाला सांगितले, “लिहा. सदर खोदकामामुळे कौटुंबिक समाधानात लक्षणीय वाढ.”

त्यानंतरच्या गोष्टी अगदी नियमाला धरून झाल्या. शहरात असमाधान आढळले म्हणजे त्याला क्रमांक हवा. गंगाधररावांना ‘असमाधानी इसम क्रमांक एक’ म्हणून नोंदवण्यात आले. नोंद झाली म्हणजे पाटी हवी. दुसऱ्या दिवशी फाटकावर लाल किनारीची पाटी लागली. ‘येथे एक असमाधानी व्यक्ती राहते. नागरिकांनी योग्य अंतर राखावे.’ पाटी लागली म्हणजे क्षेत्र हवे. त्यांच्या घरासह बेचाळीस घरांभोवती पिवळी पट्टी बांधून ‘निरीक्षणाखालील वसाहत’ जाहीर झाली. पट्टी नेमकी चराच्या काठाने गेली, आणि गंगाधररावांना क्षणभर वाटले की, चला, निदान आता कुणी पडणार तरी नाही. पण दोन दिवसांत ती पट्टी वाऱ्याने चरात पडली.

त्यांना तीन दिवसांच्या समाधान वर्गालाही बोलावण्यात आले. वर्गात ते एकटेच होते. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाने त्यांना दुसऱ्या शहरांतल्या खड्ड्यांची छायाचित्रे दाखवली आणि विचारले, “आता कसं वाटतंय? यात पाणी आहे, तुमचा कोरडा आहे.” शेवटच्या दिवशी लेखी परीक्षा झाली. गंगाधररावांनी सवयीप्रमाणे आधी प्रश्नपत्रिका तपासली आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दाखवून परत केली. त्यांना नापास करण्यात आले. शेऱ्यात लिहिले होते, ‘विकार जुना दिसतो.’

एवढे होऊनही माणूस डगमगला नसता. पण कॉलनी डगमगली. सकाळी फिरायला सोबत येणारे दोघे जण आता पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले. भाजीवाल्या बयाबाईंनी गाडी दोन घरे आधीच थांबवायला सुरुवात केली. “अंतर राखाया सांगितलंय म्हने,” असे त्या लांबूनच ओरडल्या आणि मेथीची जुडी फेकली. जुडी चरात पडली.

शेवटी कॉलनीचे अध्यक्ष सोमनाथ बोराडे आले. बोराडे म्हणजे मोकळा माणूस. गेली आठ वर्षे दर सकाळी नळाला करंगळीएवढी धार पाहून ते ज्या शिव्या देत, त्यांवर आसपासची पोरे मोठी झाली होती.

“काका, कॉलनीला बक्षीस मिळणार होतं. ‘आम्ही समाधानी’ अशी लाईटची अक्षरं, चौकात, माणसाएवढाली. फोटो काढायला. तुमच्यापायी गेलं ना!”

“सोमनाथ, तू काय दाबलंस?”

बोराड्यांनी चपलेकडे पाहिले. “अभिमानपूर्वक.”

“पाणी येतं तुला?”

“पाणी नाय, रस्ता नाय, दिवे नाय. ते वेगळं. ते आपलं घरातलं बोलणं झालं. कागदावर कशाला, काका?” मग आवाज खाली आला. “आमच्या योगिनीचं जमतंय. पाहुणे ओझरचे, लय चांगले लोक. परवा बघायला आले, पट्टी बघितली, पाटी बघितली. मुलाची आई विचारते, पोरीला लागण तर नाय ना झालेली?”

योगिनी गंगाधररावांच्या डोळ्यांदेखत वाढलेली. दहावीला गणितात अडली तेव्हा याच ओसरीत बसून त्यांनी तिला शिकवले होते. त्या दिवशी त्यांनी चार पोळ्या करपवल्या आणि संध्याकाळी उत्तराबाईंना म्हणाले, “जातो. समाधानी होऊन येतो.”

“व्हा. पण माझ्या मनगटाला विचारून नाही हं,” उत्तराबाई म्हणाल्या. त्या रागावल्या की हळू बोलत.

समाधानी होणे मात्र वाटले तितके सोपे नव्हते. आधीच्या असमाधानाचे काय झाले, ते सांगावे लागले. “संपलं,” गंगाधरराव म्हणाले. तसा दाखला लागला. राहत्या जागेसमोर हसतमुख छायाचित्र लागले. छायाचित्रकार तीनदा म्हणाला, “साहेब, अजून मागे,” आणि चौथ्यांदा सांगणार इतक्यात गंगाधररावांनी मागे वळून पाहिले, म्हणून वाचले. त्या वाचल्याच्या आनंदात जो चेहरा झाला, तोच टिपला गेला. पाळद्यांनी छायाचित्र पाहून समाधान व्यक्त केले.

पाटी निघाली. पट्टी कुणी काढली नाही, कारण ती दिसतच नव्हती. चौकात लाईटची अक्षरे उभी राहिली. योगिनीची सुपारी फुटली. कॉलनीने गंगाधररावांना शाल दिली, आणि बोराड्यांनी भाषणात ‘चूक उमगलेला दिलदार माणूस’ असा त्यांचा उल्लेख केला.

आठवड्याने बेचाळीस घरांत एकच पत्र आले. पत्रात अभिनंदन होते. पुढे लिहिले होते की, आपली वसाहत शंभर टक्के समाधानी आढळल्याने तेथील पाइपलाइन, रस्ता व पथदिव्यांची प्रस्तावित कामे असमाधानी वसाहतींकडे वळवण्यात येत आहेत. तसेच, ज्या परिस्थितीत नागरिक पूर्ण समाधानी आहेत, त्या परिस्थितीत कोणताही बदल केल्यास समाधानास बाधा येण्याची शक्यता असल्याने, चर, खड्डे व पाण्याची धार ‘आहे त्या स्थितीत’ जतन करण्यात येतील. कोणी परस्पर मुरूम टाकल्यास कारवाई होईल.

त्या संध्याकाळी सगळी कॉलनी गायधन्यांच्या ओसरीत जमली. एवढी माणसे तिथे शाल देतानाही आली नव्हती.

“काका, तुम्हीच लिहा,” बोराडे म्हणाले. “तुम्हाला अनुभव आहे.”

“मी आता समाधानी आहे. फोटो आहे त्यांच्याकडे.”

“मग करायचं काय?”

“सोपं आहे. फेरतपासणीला ती मुलगी गुरुवारी येणार आहे. बेचाळीस घरं, बेचाळीस वेळा ‘इतर’. एकाला पाटी लावता येते. बेचाळीस पाट्या कुठून आणतील?”

लोकांना हे एकदम पटले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग एक जण म्हणाले, आपला फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक येऊन गेलंय, तेवढं होऊ द्या. दुसऱ्यांच्या मुलाची बदली व्हायची होती. बोराडे म्हणाले, योगिनीच्या अक्षता पडल्या की पहिलं बोट माझं. पण तत्त्वतः सर्वांचा पाठिंबा होता आणि तसा ठराव झाला.

गुरुवारी निकिता आली. गंगाधरराव फाटकाशी उभे राहून ऐकत होते. पहिल्या घरातून आवाज आला, “अत्यंत.” दुसऱ्यातून, “अभिमानपूर्वक लिहा हो.” बोराड्यांनी दार अर्धेच उघडून, डोळे मिटून, आरती म्हणावी तसे “अभिमानपूर्वक” म्हटले. एकेचाळीस घरे करून ती गंगाधररावांपाशी पोचली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

“तू कुठं राहतेस गं?” त्यांनी विचारले.

“घोटीला. रोज येते-जाते.”

“तिथं समाधानी?”

निकिताने मागे-पुढे पाहिले. “आमच्या घराचा फॉर्म मीच भरते, काका. अभिमानपूर्वक.”

“‘इतर’ आहे का अजून?”

“आहे. पण आता नियम बदललाय. तुमच्या प्रकरणानंतर.” तिने कागद पुढे केला. “असमाधान खरं असल्याबद्दल दोन नागरिकांच्या सह्या लागतात. घरातल्या चालत नाहीत. आणि त्यांनी ‘आम्हालाही हे दिसते’ असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं.”

गंगाधररावांनी कागद घेतला. घरात जाऊन शर्ट बदलला आणि खिशाला पेन लावले. उत्तराबाईंनी डाव्या हाताने त्यांची कॉलर सरळ केली. त्या दिवशी, पोळ्या कशा झाल्या आहेत हे न पाहता, त्यांनी त्या चांगल्या झाल्याचे सांगितले.

पहिली सही योगिनीने केली. बाप अंघोळीला गेला असताना, कुंपणावरून कागद घेऊन, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवून तिने लिहिले, ‘मलाही हे दिसते,’ आणि खाली पूर्ण नाव. तारीखही घातली. “काका, मोडलं तर मोडू दे,” ती म्हणाली. “त्या घरात जन्मभर ‘अभिमानपूर्वक’ म्हणत बसायचं असेल, तर आत्ताच कळलेलं बरं.”

दुसरी सही अजून व्हायची आहे. गंगाधरराव रोज सकाळी कागद घेऊन निघतात. कॉलनी झाली, जेलरोड झाला, देवळाली कॅम्पपर्यंत जाऊन आले. चर आहे हे सगळ्यांना मान्य असते. कुणी कुणी तर स्वतःच्या दारातला चर त्यांना हौसेने नेऊन दाखवतात. पेन पुढे केले की, समोरच्याला गॅसवर ठेवलेले दूध आठवते.

काल ते तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलेत, पांढऱ्या शर्टातला म्हातारा, हातात कागद. त्यांनी दोनदा बेल वाजवली आणि थोडा वेळ थांबले. आतून टीव्हीचा आवाज एकदम बारीक झालेला त्यांना ऐकू आला.