पावण्याच्या हातात झाडू

कासमभाईंचा सदरा पांढरा होता. आता सदरा पांढरा असण्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही तो सदरा पाहिलेला नाही! जुन्नरच्या पेठेतून कासमभाई दुपारच्या उन्हात निघाले की समोरून येणारा माणूस डोळे बारीक करायचा.

"हात लावून बघा राव!" कासमभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे. "दोन वर्सं झाली या सदऱ्याला. डाग दाखवा आन् दुकान घेऊन जा! हिमधवल साबण! झिजेल कमी, उजळेल फार!"

हिमधवल हा पुण्याचा साबण. कासमभाई तो आपल्या किराणा दुकानात विकायचे, पण नुसतं विकून त्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांना हवी होती जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांची एजन्सी! आणे जाऊन नवे पैसे निघाले त्या उन्हाळ्यात कारखान्याचे मालक रावसाहेब चिंचलीकर यांचं पत्र आलं आणि कासमभाईंनी दुकानाची पाटी आधी रंगवायला टाकली, पत्र मागाहून वाचलं.

पत्र असं होतं : 'धंदा करणाऱ्याने समाजासाठी काही करावे असे आमचे ठाम मत आहे. सबब आपल्या भागातील एक अस्वच्छ गाव निवडावे. तेथे आम्ही स्वहस्ते झाडू घेऊन सफाई करू व साबण फुकट वाटू. छायाचित्रकार सोबत आणू. काम चोख झाल्यास दोन्ही तालुक्यांची एजन्सी आपल्यास देऊ. ता.क. गाव पुरेसे अस्वच्छ असावे.'

"दोन तालुके माझ्या खिशात आले म्हणून समज!" कासमभाई बायकोला म्हणाले.

"कुठल्या खिशात?" झुबेदाबी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "उजव्याला भोक हाय. शिवायचा राहिलाय."

आता गाव कोणतं? कासमभाईंनी फार विचार केला नाही. महाळुंगे पडवळात चावडीसमोर एक माणूसभर उंच उकिरडा होता. शेजारी शेणकाला, पलीकडे म्हशी. फोटोसाठी याहून झकास जागा दोन तालुक्यांत नव्हती! गावचे कारभारी रखमाजी त्यांना नारायणगावच्या बाजारात भेटले, तेव्हा कासमभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"रखमाजी, नशीब काढलंत! गुरुवारी पुण्याचे रावसाहेब तुमचं गाव झाडायला येत्यात! स्वतःच्या हातानं!"

रखमाजींचा चेहरा पडला. आनंदानं माणसाचं असंही होतं, असं कासमभाईंना वाटलं. इथंच सगळा घोटाळा झाला.

गुरुवारी पहिल्या मोटारीनं कासमभाई कळंबला उतरले आणि साबणाची पेटी डोक्यावर घेऊन महाळुंग्याची वाट चालू लागले. गावात शिरले आणि त्यांनी पेटी खाली ठेवली. आपण गाव चुकलो, असंच त्यांना वाटलं.

चावडीसमोर उकिरडा नव्हता! जागा झाडून, पाणी मारून, वर रांगोळी काढलेली. घरोघरची अंगणं सारवलेली. म्हशींच्या शिंगांना तेल. पोरांच्या नाकाखाली एक थेंब नाही! रस्त्यावर काडी सापडली तर शपथ.

"रखमाजी!" कासमभाई ओरडले. "उकिरडा कुठं गेला?"

"रानात गेला की," रखमाजी पटका सावरत आले. "धा गाड्या खत निघालं. पसरून बी टाकलं."

"आवो पण का?"

"का म्हंजी? पुण्याचा पावणा आमच्या दारात येणार, आन् आमी त्याला झाडू मारू देणार? पंचक्रोशीत आमची नाकं ऱ्हातील का? कुशाबाईनं सांगितलं, पावण्याच्या हातात झाडू दिसला तर ती गावचं पाणी पिणार न्हाई. दोन दिस कुनी खाली बसलं न्हाई, कासमभाऊ."

कुशाबाई म्हणजे चावडीशेजारची म्हातारी. साठीच्या पुढची, काठीसारखी सरळ, आणि आवाज असा की गावात हाक मारली तर नदीपलीकडं ओ यावी. ती ओसरीवर बसली होती. पाठीमागं कोठीचं कुलूपबंद दार, हातात किल्ली.

"ये कासमा," ती म्हणाली. "उपाशी निघाला असशील. बस. पिठलं-भाकर खा."

कासमभाई बसले. पिठलं खाता खाता त्यांच्या ध्यानात आलं की दहा वाजता रावसाहेब येणार, आणि आपल्याकडं घाण नाही. त्यांनी हातातला घास परत पितळीत ठेवला.

"मावशी, एक झाडू देतीस का? नुसता फोटोपुरता?"

"गावातले सगळे झाडू ह्या दाराआड हायेत," कुशाबाई किल्ली दाखवत म्हणाली. "पन्नास आन् वर सात. पावणं जाईपतूर एक भाईर येणार न्हाई!"

कासमभाई हात धुऊन उठले. ठीक आहे, म्हणाले, घाण काय, आपणच करू! त्यांनी कुठून तरी गवताचं पेंडकं आणलं आणि चावडीसमोर भुरभुरलं. मागं वळून बघतात तो एक शेळी ते खाऊन तोंड पुसत उभी! त्यांनी केळ्याच्या साली टाकल्या. त्या कोंडाबाईच्या म्हशीनं उचलल्या. शेवटी त्यांनी डोळे मिटून कुशाबाईच्याच अंगणात दोन ओंजळी भुसा फेकला.

"आरं ए!" म्हातारी कडाडली. "वाऱ्यानं आला जनू भुसा!" आणि तिनं पदरानं भुसा गोळा केला, शेणाची बादली आणली आणि अख्खं अंगण पुन्हा एकदा हातानं सारवून काढलं. चांगलं पातळ, हिरवंगार.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

रावसाहेब उतरले. पांढरं धोतर, पांढरा कोट, पांढरी टोपी. मागून फोटोवाला, आणि त्याच्या काखेत एक कोरा झाडू. दांड्याला लाल फीत बांधलेली! झाडू पुण्याहूनच आणला होता, म्हणजे किल्लीचा प्रश्न मिटला. हार झाले, ताशा झाला. रावसाहेब फीत सोडवत इकडंतिकडं बघू लागले. मग त्यांनी कासमभाईंना मोटारीआड ओढलं.

"घाण कुठंय?"

"न्हाई जी," कासमभाई खालमानेनं म्हणाले.

"नाही? एक काम सांगितलं होतं तुम्हाला! घाण! अहो, आमच्या पुण्यात न मागता मिळते!"

"रावसाहेब, यांनी तुमच्यासाठीच साफ केलं. पावणा आला म्हणून. आता असं करू, ह्यांचाच फोटो काढू ना! चकचकीत गाव, मधे तुमी..."

"आणि मी काय केलं म्हणून छापू? पाहुणचार खाल्ला?" रावसाहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "पेपरात जागा सांगून ठेवलीय. 'घाणीच्या साम्राज्यात हिमधवलचा सेवायज्ञ!' समाजसेवा करायला आलोय मी, अन् समाज अशी अडवणूक करतो! ते घमेलं घ्या. चुलीतली राख भरा, शेण भरा. त्या म्हातारीच्या दारात ओता. म्हातारी मागं बसलेली दिसू दे. छान केविलवाणी दिसेल."

"कुशाबाईच्या दारात?"

"एजन्सी पाहिजे ना?"

पाहिजे होती हो! कासमभाईंना एजन्सी फार पाहिजे होती. पाटी रंगून आली होती. वारूळवाडीच्या मेहुण्याला पेढे गेले होते. त्यांनी घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि ते कुशाबाईच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

कुशाबाई उठली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "टाक की. टाक, कासमा! बघू दे तुजा हात कसा उठतो त्यो!"

कासमभाईंनी एकदा रावसाहेबांकडं बघितलं. एकदा ओसरीवरच्या त्या पितळीकडं बघितलं. तिच्यात अजून त्यांची अर्धी भाकर शिल्लक होती. आणि मग, त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण घमेलं खाली आलं आणि आवाज वर गेला.

"न्हाई टाकणार!"

"काय?"

"न्हाई टाकणार म्हणलं! ज्या दारात सकाळी भाकर खाल्ली त्या दारात शेण टाकू? आन् वर पेपरात छापायचं, बघा ही बाई कशी घाण! ह्यांच्यासारखं गाव घासून-पुसून दाखवा आधी तुमच्या पुण्यात! साबण विकायचाय मला, मानसं न्हाई! घ्या तुमची एजन्सी!"

"शाब्बास रं माझ्या वाघा!" कुशाबाई म्हणाली, आणि गावानं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. कासमभाईंची छाती सदऱ्यात मावेना.

"तुमच्यावाचून अडत नाही माझं!" रावसाहेब लाल झाले. "फोटोवाले, तयार राहा. माझा झाडू जमिनीला लागला की दाबा!" आणि त्यांनी एका हातात झाडू घेतला, दुसऱ्या हातानं घमेलं कमरेवर घेतलं आणि ते तरातरा अंगणात शिरले.

पुण्याच्या माणसाला ओलं सारवण ठाऊक नसतं, त्याला कोण काय करणार? पहिला पाय हिरव्यात पडला आणि पुढं गेला. दुसरा मागं राहिला. झाडू आभाळात, घमेलं डोक्यावर, आणि रावसाहेब खाली! झाडू परत आला तो जमिनीला लागला. फोटोवाला हुकमाचा ताबेदार. त्यानं दाबलं.

क्षणभर कुणी हसलं नाही. पाहुणा पडला होता, हसणार कसं? मग गर्दीतल्या बयाबाईच्या तोंडातून पदराआडून एक फुसकारा निघाला आणि सगळा गाव फुटला. सगळ्या महाळुंग्यात त्या घटकेला एकच गोष्ट घाण होती, आणि ती मोटारीतून आली होती!

कुशाबाई मात्र हसली नाही. "दात काय काढताय? पावण्याला उठवा! पाणी आणा!"

रावसाहेबांना रखमाजींचं धोतर नेसवून, वर घोंगडी पांघरून बाजेवर बसवलं. कपडे विहिरीवर गेले. "आपलाच साबण लावा!" रावसाहेब घोंगडीतून ओरडले. कासमभाईंनी पेटी फोडली. एजन्सी गेली तरी मालाचा अभिमान गेला नव्हता. त्यांनी स्वतः बाह्या सारल्या आणि कोट घासायला घेतला. एक वडी झाली, दोन झाल्या. फेस म्हणून येईना! नुसता राखाडी चिकटा कोटाला बसला आणि डाग अजूनच खुलला.

"पानी जड हाय इथलं!" कासमभाई हट्टानं म्हणाले. "साबणाला बोल लावू नका. ह्यो बघा माझा सदरा! दोन वर्सं हिमधवलनं धुतोय!"

कुशाबाई जवळ आली. तिनं सदऱ्याची बाही नाकाला लावली आणि कासमभाईंच्या तोंडाकडं बघितलं. घरात गेली. मडक्यात भिजत घातलेले रिठे घेऊन आली. चार हात मारले. कोट, धोतर, टोपी, सगळं लखलखीत होऊन बाभळीवर वाळत पडलं.

फोटोवाल्यानं त्याचाही फोटो काढला. पण रावसाहेबांनी कपडे चढवल्याबरोबर त्याच्याकडून कॅमेरा घेतला, आतला रोल ओढून काढला आणि उन्हात धरला. मग ते मोटारीत बसले.

"तुमची एजन्सी रद्द!" त्यांनी काचेतून सांगितलं.

"मीच आधी सोडली!" कासमभाईंनी धुरळ्यात उभं राहून उत्तर दिलं. "आन् परत याल तेव्हा पावणं म्हणून या! झाडू घरी ठेवून या!"

मोटार गेली. कुशाबाईनं कोठीचं कुलूप काढलं आणि गावानं आपापला झाडू ओळखून नेला.

जुन्नरला पोचेस्तोवर कासमभाईंच्या तोंडी ही हकिगत तीनदा मोठी झाली होती. घरी आल्यावर त्यांनी ती झुबेदाबींना उभ्यानं, हातवारे करून सांगितली. "असा उभा ऱ्हायलो! म्हणलं, घ्या तुमची एजन्सी! पाटी सरपणाला वापर तू! कासम कुनापुढं वाकत न्हाई!"

"चांगलं केलं," झुबेदाबी म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "लई चांगलं केलं तुमी."

कासमभाई सुखावून बाजेवर टेकले. "मालक हलकट निघाला, कबूल. पण माल अस्सल, झुबेदा! ते गाव म्हणतंय साबण खोटा. मी म्हणलं, माझा सदरा बघा! तूच सांग, दोन वर्सं हिमधवलनंच धुतेस ना?"

वारा घालणाऱ्या झुबेदाबींनी हातातला पंखा थांबवला.

"रिठ्यानं धुते जी," त्या म्हणाल्या. "त्या साबणानं पहिल्याच दिवशी बाही पिवळी पडली व्हती. तुमी एवढं पेठेत बोलून आला व्हता, मग म्हणलं, जाऊ दे."

"आन् मी दर महिन्याला वडी आणून देतो, त्या?"

"परत दुकानाच्या पेटीत टाकते. एक तेवढी इथं हाय." झुबेदाबींनी बाजेच्या पायाकडं बोट दाखवलं. कासमभाईंनी वाकून बघितलं. बाजेचा एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली हिमधवलची एक वडी होती. कोरी, चौकोनी, नाव ठळक.

"दोन वर्सं तुमचं वजन पेलतीय," झुबेदाबी म्हणाल्या. "झिजेल कमी म्हणतात, ते मात्र खरं हाय!"