बटणाकडे न बघण्याची वीस मिनिटं

परीक्षेच्या दिवशी सकाळी टेलरमावशींनी सुई-दोऱ्याची डबी पर्समधून काढून कपाटात ठेवली, पुन्हा पर्समध्ये घातली, पुन्हा काढली. नवऱ्याने पेपर खाली केला.

"परीक्षा शिवणाची आहे की गप्प बसण्याची?"

"गप्प बसण्याची."

"मग डबी असू दे बरोबर. तोंड तेवढं घरी ठेवून जा."

यात नवऱ्याची फारशी चूक नव्हती. तीन वर्षांपूर्वी मावशींचं मन असं काही मिटलं होतं, की मशीनवर धूळ साचली आणि गिऱ्हाइकांचे कपडे तसेच बेतून पडून राहिले. तेव्हा मनाच्या दवाखान्यातली एक बाई रोज येऊन त्यांच्याजवळ बसायची. ती डॉक्टर नव्हती. त्याच आजारातून उठलेली होती. अशांना तिथे 'सोबती' म्हणत. मावशी बऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी मनाशी धरलं, की हे ऋण असंच कुणाजवळ तरी बसून फेडायचं. प्रशिक्षणाला नाव घातलं. ऐकणं जमलं, वेळ पाळणं जमलं, धीर देणं तर उपजतच होतं. अडलं एकाच नियमावर. सोबत्याने सल्ला द्यायचा नाही आणि न विचारता दुसऱ्याचं काही दुरुस्त करायला जायचं नाही.

तीस वर्षं दुसऱ्याचं उसवलेलं शिवण्यात गेलेल्या बाईला हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. पहिल्या परीक्षेत त्या तिसऱ्या मिनिटाला समोरच्या माणसाला गरम दूध घेऊन लवकर झोपायला सांगून नापास झाल्या. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी समोरच्या मुलीचं लग्न जमवत आणलं होतं. आजची तिसरी आणि शेवटची. म्हणून गेले दोन महिने त्यांनी नेम धरला होता. सकाळची प्रार्थना झाली की वीस मिनिटं कुणालाही काहीही सुचवायचं नाही. या वीस मिनिटांत सुनेने दोनदा दूध उतू घालवलं होतं, आणि मावशी देवाचं नाव घेत ते बघत उभ्या राहिल्या होत्या.

परीक्षा अशी असे. उमेदवाराने एका खोलीत रुग्णासमोर वीस मिनिटं बसायचं. रुग्ण खरा नसे. नाटक करणाऱ्यांपैकी कुणीतरी दुःखाचं सोंग घेऊन येई. शेवटी तो सोंगाडा एका फॉर्मवर आपला अभिप्राय लिही, आणि त्यावर निकाल लागे. शिकवणाऱ्या मॅडमनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "समोरचा काहीही म्हणेल. मी आजारी नाही म्हणेल, मीच तुम्हाला मदत करायला आलोय म्हणेल. वाद घालायचा नाही. गप्प बसला तर आपणही बसायचं. शांततेला घाबरायचं नाही."

त्या दिवशी दोन उमेदवार होते आणि दोन सोंगाडे. मॅडमनी आडवी यादी केली होती. या उमेदवारासमोर हा रुग्ण, त्या उमेदवारासमोर तो. कारकुनाने ती उभी वाचली. दोन्ही उमेदवार एक नंबरच्या खोलीत गेले, दोन्ही रुग्ण दोन नंबरच्या.

मावशी आत गेल्या तेव्हा खुर्चीवर एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ बसले होते. हे दुसऱ्या केंद्रातले उमेदवार, बसचे निवृत्त ड्रायव्हर. मावशींना ते रुग्ण वाटले आणि त्यांना मावशी.

"मी तुमच्याजवळ बसायला आलेय," मावशी हळूच म्हणाल्या.

"मीही तुमच्याजवळच बसायला आलोय, ताई."

मावशींना मॅडमचे शब्द आठवले. त्यांनी समजुतीने मान हलवली. ड्रायव्हरनीही हलवली. मग शांतता पसरली, आणि घाबरायचं नाही म्हणून दोघंही तिला घाबरले नाहीत.

टेबलावर डोळे पुसायच्या कागदी रुमालांचं खोकं होतं. मावशींनी ते प्रेमाने पुढे सरकवलं. ड्रायव्हरनी तितक्याच प्रेमाने परत सरकवलं. पाच मिनिटांत खोक्याने टेबलाच्या सहा फेऱ्या केल्या.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हुंदका आला. मागोमाग दुसरा, त्याहून मोठा. मग दोन बायका एकमेकींवर ताण करत रडू लागल्या. शेजारच्या उमेदवाराने रुग्णाला किती मोकळं केलंय, आणि आपला मात्र दगडासारखा बसलाय, असं दोघांच्याही मनात आलं.

आणि याच वेळी मावशींना ते बटण दिसलं.

शर्टाचं वरून दुसरं. एका दोऱ्यावर लोंबत होतं, आणि ड्रायव्हर श्वास घेत तसं डोलत होतं. दोरा निळा, शर्ट पांढरा. मावशींची बोटं पर्सकडे सरकली. त्यांनी ती मांडीखाली दाबली आणि देवाचं नाव सुरू केलं. प्रत्येक नामागणिक बटण एकदा डोलत होतं.

रुग्ण बोलतच नसेल तर सोबत्याने आपलं थोडंसं सांगावं, असं प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. ड्रायव्हरनी ती वाट धरली. बायको गेल्यावर आपण आठ महिने घराबाहेर पडलो नाही, म्हणाले. बटणं तुटतील तसे शर्ट कपाटात टाकत गेलो. शेवटी घालायला शर्ट उरला नाही.

"आज सकाळी हे बटण मी लावलं," ते बटणाला जपून हात लावत म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. दीड तास लागला. कसं दिसतंय, ताई?"

तीस वर्षांच्या मशीनकामानंतर मावशींना प्रथमच कुणी शिवणीबद्दल मत विचारलं होतं, आणि ते नेमकं आज. त्यांच्या जिभेवर सतरा वाक्यं आली. त्यांनी सतराही गिळली.

"तुम्हाला कसं वाटतंय, भाऊ?"

"मला? मला छान वाटतंय."

"मग छानच आहे."

ड्रायव्हरनी समाधानाने मोठा श्वास घेतला. बटण सुटलं, टेबलावर पडलं, सावकाश गोल फिरत मावशींच्या पुढ्यात येऊन आडवं झालं. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. शांततेला या वेळी दोघंही थोडे घाबरले. पण मावशींनी डबी काढली नाही. कागदी रुमालांचं खोकं तेवढं पुढे सरकवलं, आणि या खेपेला ते परत आलं नाही.

दार उघडून मॅडम आल्या. हातात कारकुनाने गोळा करून दिलेले दोन फॉर्म, चेहरा पडलेला. अगोदर त्यांनी मावशींचा वाचला.

"'मी रडायला लागले तर उमेदवार माझ्यापेक्षा मोठ्यांदा रडली. माझं ऐकायचं सोडून स्वतःच्या सासूचं सांगत बसली. शून्य.' मावशी, हे काय?"

मावशींनी ड्रायव्हरकडे पाहिलं. इतकं सोसून, शून्य. समोरच्या भल्या माणसाने असं का लिहावं, आणि लिहिलं कधी, हे त्यांना कळेना. आणि त्या तर सासूचं अक्षरही बोलल्या नव्हत्या.

मॅडमनी दुसरा फॉर्म वाचला. "'उमेदवार बाई सारखी पदराने डोळे पुसत होती.'" त्या थांबल्या. ड्रायव्हरच्या मिशीकडे त्यांनी नीट पाहिलं. मग भिंतीपलीकडच्या हुंदक्यांकडे कान दिला. मग कारकुनाला हाक मारली.

उलगडा झाला, तरी निकालाचा प्रश्न राहिलाच. परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, मॅडम पुटपुटल्या. तोवर ड्रायव्हर उठून उभे राहिले.

"मी लिहून देतो," ते म्हणाले. "यांच्यासमोर माझं बटण तुटून पडलं, तरी या हलल्या नाहीत. बायको गेल्यापासून माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं."

मावशी म्हणाल्या, यांनीही माझ्यापुढे सहा वेळा रुमाल केले आणि एकदाही 'रडा' म्हणाले नाहीत. मॅडमनी दोघांनाही पास केलं, आणि शेजारच्या दोघींना गप्प करायला गेल्या.

ड्रायव्हरनी टेबलावरचं बटण उचलून तळहातावर धरलं. "ताई, हे कसं लावायचं, शिकवाल?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. "हे तुम्ही स्वतःहून विचारताय ना?"

"स्वतःहून."

पर्स उघडली. दोरा पांढराच हवा, इथून सुरुवात झाली. तो किती लांब घ्यावा, गाठ कुठे मारावी, कॉलर कशी फाटायला आलीय, एकट्याने काय शिजवावं, झोपावं किती वाजता, नात्यात कुणी भली बाई आहे का. दोन महिन्यांचा नेम अर्ध्या तासात सुटला.

ड्रायव्हर मान हलवत, मधे एक शब्दही न बोलता, सगळं ऐकत राहिले. तेही पास झाले होते.