शेळीपुरतं मान्य

नातू होऊन सात दिवस झाले, तरी नाथाने त्याला अजून हातात घेतलं नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच लेकीच्या पोटचा, तांबूस, मुठी आवळून निजलेला नातू, आणि आजोबाने त्याला बघायचं ते दाराच्या फटीतून, एका डोळ्याने. दुसरा डोळाही लावावा म्हटलं तर नाक आत जायचं, आणि नाक आत न्यायला बंदी होती.

बंदी प्रभावती नर्सबाईंची होती. अठ्ठ्याहत्तर साली भाताची मळणी उरकली आणि कोळवण खोऱ्यात ताप-खोकल्याची साथ शिरली. नाथा पौडच्या बाजाराला गेला आणि मिठाबरोबर तापही घेऊन आला. आठ दिवस तो घरी न जाता मेंढरांपाशीच घोंगडं पांघरून पडला. ताप गेला, खोकला मात्र मुक्कामाला राहिला. तेवढ्यात लेक भागू बाळंत झाली. नर्सबाईंनी तिची सुटका केली, हात धुतले आणि नाथाला अंगणातच गाठलं.

"नाथामामा, पोर नाजूक आहे. खोकला आहे तोवर हा मास्क बांधल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते."

त्यांनी पिशवीतून पांढऱ्या जाळीदार कापडाची चार पदरी पट्टी काढली. तिला चार नाड्या होत्या. एक नाथाच्या हातावर ठेवली आणि तसल्याच एकोणसाठ पट्ट्यांचा खोका वाडीसाठी म्हणून शाळेत ज्ञानदेव गुरुजींकडे देऊन त्या एसटी गाठायला उतारावरून निघून गेल्या.

नाथाने ती पट्टी उलटीपालटी करून पाहिली. तोंडाला बांधायची वस्तू त्याला नवी नव्हती. मळणीत बैलाने दाणे खाऊ नयेत म्हणून बांधतात ते मुसकं. करडाने आईचं सगळं दूध ओढू नये म्हणून बांधतात तेही मुसकंच. पण ते माणसाला बांधतात हे त्याने पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याने ते खुंटीवर, बैलाच्या मुसक्याशेजारी अडकवलं आणि देवळाच्या पारावर चार शहाण्या माणसांना विचारायला गेला. इथेच त्याची चूक झाली, कारण शहाणी माणसं दोनच होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

एक हैबतराव. पलटणीत हवालदार होते. जगात त्यांनी पाहिलं नाही असं काही नव्हतं.

"मुसकी आमच्याकडं बी व्हती," हैबतराव म्हणाले. "पर ती रबराची. तिला नळी, नळीला डबा. ह्या फडक्याला नळी कुटंय? सोडलेला श्वास जानार कुटं? परत आत! कुजका श्वास पोटात गेला का दोन घटकांत मानूस आडवा."

दुसरे ज्ञानदेव गुरुजी. ते रोज शिळं का होईना, पण वर्तमानपत्र वाचत.

"हैबतराव, कापडातून हवा जाते, जंतू अडतात. एका शिंकेत हजारो जंतू बाहेर पडतात, नाथा. हजारो!"

नाथा थक्क झाला. दोनशे मेंढरं उतारावर पसरली तरी एक कमी आहे हे त्याला नुसत्या नजरेने कळे. पण हजारो म्हणजे फारच झाली.

"हजारो? आन राखतंय कोन त्यांना?"

"कोणी नाही. हवेतून मोकाट हिंडतात."

नाथाने तोंड मिटलं, आणि घरी जाईपर्यंत उघडलं नाही. आपण जन्मभर श्वास घेतला आणि सोडला, पण त्यात एवढं खिल्लार चालतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, या विचाराने तो पार दबून गेला.

पुढे तीन दिवस पारावर हाच वाद चालला. हैबतराव बोलले की नाथाला वाटे, मुसकं बांधलं तर आपण मरू. गुरुजी बोलले की वाटे, नाही बांधलं तर नातवाचं काही होईल. घरी आला की बायको चिमाबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यायची, नाकातोंडावरचा पदर सोडायची आणि विचारायची, "मग? काय ठरलं पुडाऱ्यांचं?" आत शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी चाललेली असे. नाथा त्या धुरातून फटीला डोळा लावायचा. चौथ्या दिवशी पोराने आतून शिंक दिली. एवढीशी, उंदराएवढी. नाथाने फटीवरचा डोळा काढला. तसाच तो पारावर गेला.

"तुमचं दोगांचं ऐकून माजा नातू लगनाला येईल," तो म्हणाला. "मुसकं जनावराची वस्तू हाय, जनावराला बांदून बगू. माजी टिकली आनतो. दिस उगवताना बांदायचं, मावळताना सोडायचं. जगली तर मी बांदनार."

"जगली तर मी बी बांदीन!" हैबतराव गरजले. "पलटनीचा शब्द हाय."

टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी शेळी. तिची आई व्याली तेव्हाच मेली, आणि भागूने तिला बोंडल्याने दूध पाजून वाढवलं होतं. तिच्यावर प्रयोग करायचा या कल्पनेने नाथाचा जीव तुटत होता. पण दुसरी कुठलीच शेळी तोंडाला हात लावू देईना.

सकाळी सगळी वाडी पारावर लोटली. पलीकडच्या दोन वाड्यांतली माणसंही आली. नाथाने खुंटीवरचं मुसकं आणलं, टिकलीच्या तोंडावर चढवलं, दोन नाड्या शिंगांना आणि दोन मानेला बांधल्या. टिकलीने एकदा नाथाकडे पाहिलं. त्या नजरेने तो आयुष्यात पहिल्यांदा शेळीपुढे ओशाळला.

पहिल्या तासाला गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळात बघून तिचे श्वास मोजले. हैबतरावांचा त्यांच्या मोजणीवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनीही शेळीच्या नाकाला कान लावून मोजले. मग ज्याला त्याला मोजायचे होते. माणसांवर माणसं रेलली. कोणी गुरुजींच्या खांद्यावरून वाकलं, कोणी हैबतरावांच्या काखेतून डोकं घातलं. पलीकडच्या वाडीचा कोंडाजी सारखा खोकत होता, पण त्याला सगळ्यात जवळून बघायचं होतं. खोकून झालं की तो म्हणे, "गप ऱ्हावा रे, श्वास ऐकू येत न्हाई."

दुपारी टिकली खाली बसली आणि केविलवाणी ओरडायला लागली.

"श्वास कुजला!" हैबतराव म्हणाले.

"भूक लागली तिला," गुरुजी म्हणाले. "तोंड बांधल्यावर चरणार कशी?"

"ह्याला पुरावा काय?"

पुरावा म्हणून मुसकं न बांधलेली, पण उपाशी ठेवलेली दुसरी शेळी शेजारी बांधायचं ठरलं. हैबतरावांनी स्वतःच्या गोठ्यातली आणली. अर्ध्या तासात तीही ओरडू लागली, तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत. गुरुजी विजयाने हसले. तेवढ्यात हैबतरावांच्या चंद्राबाई कमरेला पदर खोचून आल्या.

"दुभत्या शेळीला उपास? तुमी एक दिस ऱ्हावा की उपाशी!" असं म्हणून त्यांनी दावं सोडलं आणि पुरावा घरी नेला. हैबतराव बाजूला सरले. पलटणीत चंद्राबाईंसारखा अधिकारी त्यांना भेटला नव्हता.

सूर्य डोंगराला टेकला. टिकली निपचित पडली होती. पारावर चिडीचूप झालं, फक्त कोंडाजी खोकत होता. नाथाने नाड्या सोडल्या. टिकली ताडकन उभी राहिली, अंग झाडलं, आणि समोर लोंबणारं मुसकं तोंडात धरून नाड्यांसकट खाऊन टाकलं.

नाथा बघतच राहिला. ज्याने दोन घटकांत माणूस आडवा होणार होता, ते सबंध दिवस नाकावर वागवून शेळीने वर गिळलंही होतं.

"जगली," तो हळूच म्हणाला. "हैबतराव, शेळी जगली."

हैबतरावांनी मिशी कुरवाळली. "जगली. पर परयोग शेळीवर झाला. तवा शेळीपुरतं मान्य."

यानंतर दोन दिवसांनी वाडी झोपली. आधी गुरुजी पडले, मग हैबतराव, मग ज्यांनी ज्यांनी श्वास मोजले होते ते सगळे. घराघरांतून खोकल्याचे आवाज निघू लागले. तापातून उठलेला एकटा नाथा हिंडत-फिरत होता. त्या दिवशी पारावर गर्दीच्या मधोमध असूनही जिला शिंकसुद्धा आली नाही अशी एकटी टिकली होती.

ही गोष्ट लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. घोंगडी पांघरून, काठी टेकत माणसं नाथाच्या अंगणात येऊ लागली आणि टिकलीकडे टक लावून बघू लागली. एका म्हातारीने तिच्यापुढे हात जोडले. टिकली शांतपणे रवंथ करत होती. तिच्याकडे बघताना नाथाचा ऊर भरून येई. हजारोंचं मोकाट खिल्लार हिच्या अंगावरून गेलं आणि हिच्या केसालाही धक्का लागला नाही!

त्याचं मन कायमचं ठरलं. मेंढरं कोंडली की शाळेत जायचं, मुसकं घ्यायचं आणि नातवाला उचलायचं. तो संध्याकाळी शाळेत पोचला, तर खोका रिकामा. शाळेच्या मागच्या खोलीत पडलेले गुरुजी कण्हत म्हणाले, "सगळे घेऊन गेले, नाथा. मी अंथरुणात. म्हटलं, चला, लोकांना पटलं एकदाचं."

लोकांना काय पटलं होतं ते दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना कळलं. त्या एसटीतून उतरून चढण चढून आल्या आणि वाडीच्या तोंडाशी मटकन दगडावर बसल्या. समोरच्या उतारावर पन्नासएक शेळ्या पांढरे मास्क बांधून ओळीने उभ्या होत्या. शेजारच्या ओट्यावर हैबतराव उघड्या तोंडाने खोकत होते.

"हे काय, हैबतराव?"

"बाई, साथ हाय न्हवं? जनावरं सांबाळाय नकोत?"

"आणि तुम्हाला मास्क?"

"मानसावर अजून परयोग झाला न्हाई," हैबतराव गंभीरपणे म्हणाले.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. मग दारोदार फिरून गोळ्या दिल्या, पाणी उकळायला सांगितलं, आणि शेवटी नाथाच्या अंगणात आल्या. नाथा हात जोडून उभाच होता.

"बाई, मला पटलंय. मला एक मुसकं द्या."

"माझ्याकडे आता एकही नाही हो. पुढच्या आठवड्यात येतील."

नाथाने उतारावर धाव घेतली. पण तोवर शेळ्यांना टिकलीची युक्ती कळली होती. नाड्या सैल होऊन मुसकी गळ्यात उतरली होती आणि प्रत्येक शेळी शेजारणीचं मुसकं चघळत होती. हाती आली ती एक ओली नाडी. ती मुठीत धरून तो अंगणात परत आला आणि बाप्याच्या जातीने रडायचं नसतं हे विसरून त्याने डोळ्यांना बाही लावली. सातांचे बारा दिवस झाले होते.

तेवढ्यात चिमाबाई खोलीतून बाहेर आली आणि नाकातोंडावरचा पदर सोडू लागली.

"चिमाबाई, रोज बांधताय ना पदर?" नर्सबाईंनी विचारलं.

"बांदते की. तुमीच न्हवं का सांगितलं पयल्या दिशी, मुसकं नसलं तर कापडाचे चार पदर नाकावर आले म्हंजे बास?"

नाथाने आ वासला. "आगं, तू धुरीसाटी बांदतीस न्हवं?"

"धुरी घटकाभर. मी दिसभर आत आसते."

"मग मला सांगाय काय झालं व्हतं?"

"तुमी इचारलं कवा? तुमी शेळीला इचारत व्हता."

नर्सबाईंनी हसू दाबत नाथाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. त्याच्या डोक्याला बारा हात लांब पटका होता, तिशीपासून तिथेच. चिमाबाईने तो उतरवला, एक टोक चौपदरी करून त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधलं, उरलेला पाठीवर सोडला. नाथाने डोळे मिटून एक श्वास घेतला. सोडला. ऊन ऊन श्वास कापडाला लागून गालांवर आला. तो मेला नाही. त्याने हात धुतले आणि उंबरठ्याच्या आत जाऊन दाराशीच भिंतीला टेकून बसला; पटक्याचं उरलेलं टोक उंबरठ्याबाहेर अंगणातच राहिलं.

भागूने पोर त्याच्या ओंजळीत ठेवलं. वजन म्हणाल तर करडाएवढंही नव्हतं. पोराची छाती वर जात होती, खाली येत होती, कुणी शिकवलं नसताना. गुरुजींना घड्याळ लागलं, हैबतरावांना नळी लागली, आणि याला काहीच लागत नव्हतं. पोराने डोळे उघडले आणि कापडावरच्या दोन डोळ्यांकडे टक लावून पाहिलं. नाथाला वाटलं, पन्नास वर्षांत आपल्याकडे असं कुणी पाहिलंच नाही. तो श्वास घ्यायचाही विसरला.

"आवं!" चिमाबाई दारातून ओरडली. "मागं बगा! टिकली पटका खातीया! चार हात गेला की!"

नाथा हलला नाही. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

"खाऊ दे," तो कापडाआडून म्हणाला. "तिचा मान हाय."