न संपलेली तपासणी

आमच्या भागातल्या दवाखान्याकडून आलेल्या एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. आळस हे कारण नव्हतं. पत्र फार नम्र होतं आणि नम्र पत्रांना काय लिहावं हे मला कधीच सुचत नाही. ‘आपल्या मागील भेटीत मिळालेल्या सेवेची गुणवत्ता व सुरक्षितता यांविषयी आपले बहुमोल मत कळवावे,’ असं त्यात होतं. खाली चार चौकटी होत्या: वाईट, बरी, चांगली, उत्तम. सोबत पत्ता छापलेलं पाकीट.

मागील भेटीत डॉक्टरांनी मला रक्तदाबाची नवी गोळी दिली होती. तिने रक्तदाब खाली आला हे खरं. पण सकाळी अंथरुणातून उठताना त्याच्याबरोबर मीही खाली येऊ लागलो होतो. आता या सेवेला काय म्हणायचं? ‘चांगली’ म्हणावं तर डॉक्टरांना कमी लेखल्यासारखं, ‘उत्तम’ म्हणावं तर खुशामत. आणि चक्कर गोळीनेच येते, की मला ती मुळातच यायची होती, हे ठरवणारा मी कोण? मी पत्र खिशात ठेवलं. सदरा बदलला की तेही नव्या खिशात जायचं.

एका सकाळी मी न्हाणीघराच्या दाराशी कोसळता कोसळता वाचलो. बायकोने मला धरलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं, “डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांना वाईट वाटेल.”

“तुम्ही डोकं फोडून घेतलंत तर त्यांना बरं वाटेल का? उठा.”

दवाखान्याच्या दारावर चार पितळी तारे आहेत. पाचव्यासाठी खिळा मारून ठेवलेला आहे. आत स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने माझं नाव, जन्मतारीख आणि पुन्हा नाव विचारलं. तिसऱ्या खेपेला मला स्वतःलाच शंका आली. मग तिने पडद्याकडे पाहून मान हलवली.

“काका, तुम्हाला नवी भेट देता येणार नाही. तुमची मागची भेट अजून संपलेली नाही.”

“मी तर महिन्यापूर्वीच घरी गेलो.”

“तुमचं मत आलेलं नाही ना. मत आलं की भेट संपते. आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही महिनाभर सरांच्या खोलीतच बसलेले आहात.”

“तरीच,” बायको म्हणाली, “घरात असून नसल्यासारखे वाटतात.”

मुलीने मला धीर दिला. माझ्या न संपलेल्या भेटीमुळे कोणाचंही नुकसान झालं नव्हतं. उलट ‘रुग्णाला सर्वाधिक वेळ देणारे डॉक्टर’ म्हणून सरांचा नुकताच सत्कार झाला होता.

तेवढ्यात मी टेबलाची कड धरली. ते पाहून गुणवत्ता अधिकारी धावत आले. माणूस प्रसन्न होता, बुटांचा आवाज होत नव्हता.

“चक्कर येतेय का काका?”

“थोडीशी,” मी म्हणालो. “म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.”

“मग तुम्हाला आवारात थांबता येणार नाही. पडण्याचा धोका असलेली व्यक्ती आत ठेवणं आमच्या सुरक्षा धोरणात बसत नाही. या दवाखान्यात आजवर एकही रुग्ण पडलेला नाही.”

“मग पडतात कुठे?” बायकोने विचारलं.

“दाराबाहेर. ते आकडे रस्त्याचे, काकू. आमचे नाहीत.”

आवाज ऐकून डॉक्टर खोलीबाहेर डोकावले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “काका, तीच गोळी चालू आहे ना? चक्कर उठताना येते, की बसल्या बसल्या?”

“सर,” अधिकारी हळूच म्हणाले, “भेट सुरू झालेली नाही.”

“आत्ता तर टेबलाशी बसलेली ती मुलगी म्हणाली की मागची संपलेली नाही,” बायको म्हणाली.

“संपलेली नाही. पण त्या भेटीत यांना चक्कर नव्हती. नसलेल्या चक्करेवर उपचार कसा नोंदवणार?”

मला डॉक्टरांची फार दया आली आणि मी खिशातलं पत्र काढून पुढे केलं. “आत्ताच भरून देतो.”

अधिकाऱ्यांनी दोन्ही हात मागे घेतले. “हातात देऊ नका! आमच्यासमोर भरलं तर आम्ही दबाव आणल्यासारखं होईल. मत मोकळेपणाने, बाहेर जाऊन लिहा आणि पोस्टाने पाठवा. समोरच पेटी आहे. पोचलं की लगेच भेट देऊ.”

“पोचेपर्यंत हे राहिले तर,” बायको म्हणाली.

“शुभेच्छा,” अधिकारी मनापासून म्हणाले आणि दार उघडून धरलं.

बायकोने मला दंडाला धरून रस्ता ओलांडवला. पेटीशेजारी एक बुटकी भिंत आहे, तिच्यावर बसवलं. मी पेन उघडतो तोच मागून डॉक्टर आले. हातात चहाचा रिकामा कप होता आणि कोटाच्या खिशातून रक्तदाबाच्या यंत्राची नळी लोंबत होती.

“मी चहाला बाहेर पडलोय,” ते म्हणाले. “बाही वर घ्या.”

त्यांनी मला बसवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभा राहताच मी डोलू लागलो; एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने बायकोने. यंत्राकडे पाहून ते स्वतःवरच चिडले.

“गोळी जास्त होतेय तुम्हाला. उद्यापासून अर्धीच घ्या. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. आणि असं काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं काका, महिनाभर सभ्यपणा करायचा नाही. चार दिवसांनी दाखवा.”

“कुठे?” बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी दवाखान्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. “इथेच या. माझी चहाची वेळ ठरलेली असते.”

ते रिकामा कप घेऊन परत गेले. अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठीही दार उघडून धरलं.

मी पत्र मांडीवर घेतलं. इतकी नीट तपासणी माझी कधीच झाली नव्हती. पण ‘रस्त्यावर’ अशी चौकट कुठेच नव्हती आणि समासात लिहावं तर डॉक्टरांची चहाची वेळ बंद होणार. मी ‘उत्तम’वर खूण केली.

“अहो, याने त्यांना पाचवा तारा मिळेल,” बायको म्हणाली. “तो बघून लोक आत जातील.”

जातील खरे. तुम्हीही जाल आणि मग मला बोल लावाल. पण मीही पहिल्यांदा तिथे गेलो ते दारावरचे चार तारे बघूनच. ते देताना तुम्ही कोणत्या भिंतीवर बसला होतात, हे मी कधी विचारलं नाही. मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.