न झालेल्या आवाजाची भीती

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कुणाच्याही कुकरची शिट्टी होण्याआधीच एक माणूस कानांत बोटं घालतो. शिट्टी झाली की बोटं काढून म्हणतो, "बघ, झाली की नाही!" आणि पुढच्या शिट्टीसाठी घाबरायला लागतो.

हे शेजारचे विलासकाका. चाळीत नाव फुटेलकाका. दुधाचा टोप, पोरांचा फुगा, पाहुण्याच्या हातातला कप, सरकार: त्यांच्या मते सगळं फुटेल.

नोकरीही तशीच. विमानाच्या इंजिनातून सुटणारा हवेचा झोत किती ओरडेल, ते कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. विमान अजून कागदावर. काका मात्र आजच दचकलेले. या गणितात एक आकडा बिघडला की तो फुगत जातो आणि सगळं कोसळतं. त्याला ते 'फुटलं' म्हणतात. शब्द तिथूनच घरात आला.

"सगळा आवाज यंत्रात नसतो गं," उदबत्ती लावून ते मला शिकवत. "धूर बघ. आधी सरळ, मग भोवरे. पळती हवा थांबलेल्या हवेला घासते, तिथे ओरडा. आणि कॉम्प्युटरातल्या जगाला कड असते. त्या कडेला मऊ काहीतरी ठेवावं लागतं, आकड्यांचा स्पंज. नाहीतर बाहेर गेलेला आवाज आपटून परत येतो."

त्यांची खरी भीती आतल्या खाटेवर होती. अप्पा, त्यांचे वडील. आयुष्य गिरणीच्या मागांवर गेलं, कान तिथेच राहिले. ऐकू काही येत नाही. पण जमीन धडधडली की त्यांना वाटतं, गिरणीचा भोंगा झाला, माग सुरू झाले, आपल्याला उशीर झाला. मागे एकदा खाली डीजे लागला तेव्हा अप्पा डबा शोधत जिन्यावर गेले आणि पडले. खुबा मोडला. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आणि आता वरच्या मजल्यावरच्या संत्याची हळद होती. चौकात स्पीकरची भिंत.

मी भडकले. "काका, पत्रक काढते! सह्या, पोलीस, सगळं!"

"नको गं. चाळ फुटेल."

ते आपल्या पद्धतीने लढले. चौक, गॅलऱ्या, स्पीकर, सगळं कॉम्प्युटरला घातलं आणि निघालेलं रंगीत चित्र घेऊन संत्याकडे गेले. मी सोबत.

"हा लाल डाग आहे ना, तिथे आमच्या अप्पांची खाट."

"मला वाटलं तंदुरी," संत्या म्हणाला. "आमची खोली कुठाय?"

"ही निळी. तिथे आवाज कमी."

"काय सांगता! नवऱ्याच्याच घरात कमी?" तो कठड्यावरून ओरडला, "पक्या, अजून दोन बॉक्स चढव रे!"

"संत्या, अप्पा पडले तर?" मी किंचाळले.

"अगं क्रांते, कडी लावा ना दाराला. ऐकू येत नाही त्या माणसाला. हळद काय रोज असते?"

काकांनी चित्राची घडी घातली. संध्याकाळी भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीला गादी लावली.

पहिला ठोका पडला. आमच्या फळीवरची भांडी हलली, माझ्या छातीत काहीतरी हललं. अप्पा! मी धावत गेले.

अप्पा खाटेच्या कडेला बसले होते, नजर दाराकडे. काका खाली लादीवर. अप्पांची पावलं त्यांनी मांडीवर घेतली होती, लादीला टेकूच दिली नव्हती. दर ठोक्याला काकांचं सगळं अंग हादरत होतं. पावलं स्थिर होती.

"विलास," अप्पा मोठ्याने म्हणाले, "भोंगो झालो काय रे?"

काकांनी मान हलवली. ओठ सावकाश हलवत म्हणाले, "आज सुट्टी, अप्पा."

पुढचा ठोका पडण्याआधीच त्यांनी डोळे घट्ट मिटले. कान उघडेच होते. हात पावलांवर होते.