हळदीवरचे पापड

पान उचललं, की खाली पिवळं पान उरलेलं असायचं. कडुनिंबाचं, कडेनं दातेरी, देठाशी किंचित वाकडं. भोवतीचं कापड उन्हानं फिकं पडलेलं. पानाच्या सावलीतली हळद मात्र जशीच्या तशी. सुगत पान बोटानं उचलायचा, बघायचा आणि पुन्हा तंतोतंत तिथंच ठेवायचा.

बोरीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. पाटी तो सांगितल्या दिवशी पुरी करी, कारण दुकानदार मागं उभा असे. स्वतःच्या चित्रांमागं कुणी उभं नसे, म्हणून ती कधीच संपत नसत. आता तर त्यानं ब्रशही बाजूला ठेवला होता. हळदीत बुडवलेलं मांजरपाट गच्चीवर अंथरायचं, वर पानं मांडायची आणि बाकीचं उन्हावर सोपवायचं. वाट पाहणं त्याला छान जमायचं.

"झालं का?" त्या सकाळी बायकोनं, धम्मशीलानं, रोजच्यासारखं विचारलं.

"थोडं राह्यलंय."

"मागच्या दोन्ही प्रदर्शनांला असंच थोडं राह्यलं व्हतं. परभणीच्या प्रदर्शनवाल्यांची गाडी आज सांजच्याला चित्र न्यायला यायलीय. मोकळी गेली, तर ते पुन्हा बोलवायचे न्हाईत."

सुगत एका किराणा दुकानाची पाटी पुरी करून दुपारी परतला, तर गच्चीवर एकही पान नव्हतं. सगळ्या कापडावर उडदाचे पापड होते. मधोमध शेजारच्या तानुबाई बसल्या होत्या; दोन्ही घरांच्या गच्च्या एकमेकींना लागूनच होत्या.

"मावशी, पानं कुठं गेली?"

"झाडून टाकली की! केवढा कचरा साचला व्हता फडक्यावर. म्हन्लं, धम्मशीला कुठं कुठं पुरी पडंल?"

"मावशी, ते चित्र व्हतं."

"कोन्तं?" तानुबाईंनी चहूकडं पाहिलं.

सुगत एक पापड उचलायला वाकला.

"हात लावू नको! ओले हायेत. आमच्या राजेश्रीच्या लग्नाचे हायेत ते. आन् आलाच हाइस तर कावळे हाकल. म्या चार घास खाऊन येते."

आणि सुगत काठी घेऊन बसला. ऊन जागच्या जागी थांबल्यासारखं झालं. पापडांच्या कडा हळूहळू उचलल्या जाऊ लागल्या, त्यांच्याखाली बारीक सावल्या पडल्या. त्याला वाटलं, एका पिवळ्या आभाळात पुष्कळ चंद्र एकदमच उगवायलेत. कठड्यावरचा कावळा पापडांकडं बघत होता, सुगत सावल्यांकडं. राग आणि गाडी, दोन्ही तो विसरून गेला.

तानुबाईंनी परत येऊन पहिला पापड उलटला आणि त्या किंचाळल्या, "आगं बया बया! रगत लागल्यावानी झालं की रे!"

पापडाचं पोट केशरी झालं होतं. कापडावर खाली लालभडक गोल उमटला होता.

"माज्या पापडांला रंग लावलास!"

"तुमच्या पापडांनीच माझं चित्र लाल केलं!"

आरडाओरडा ऐकून धम्मशीला वर आली. तिनं वाकून पाहिलं. "पापडखार हाय ह्यात. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तसंच झालंय." ती खाली जाऊन लिंबू कापून घेऊन आली आणि एका गोलावर थेंब टाकला. तेवढा ठिपका पुन्हा पिवळा झाला. "बघा. सगळं पहिल्यावानी करता येतंय."

तानुबाईंनी घरी जाऊन एक पापड भाजून आणला आणि चावत विचार केला. "चवीला तर काय बी झालं न्हाई. दिसतो बी लय झ्याक, लग्नातला वाटतो. उरलेले बी हितंच वाळू घालू का रे?"

दोघींनी मिळून पापड टोपल्यात भरले. कापड मोकळं झालं. लाल गोलांमध्ये कुठं कुठं कडुनिंबाचं पान गडद उमटलं होतं, चंद्रापुढं फांदी यावी तसं. लिंबाचा तो एकच ठिपका बाजूला चांदणीसारखा होता.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"बोला लवकर," अर्धं लिंबू हातात धरून धम्मशीला म्हणाली. "पिळू का?"

"पिळून टाक बाई," तानुबाई म्हणाल्या. "डाग हायेत ते."

सुगत कापडाकडं बघत राहिला. मागं दोघी उभ्या होत्या. त्यानं तोंड उघडलं, तशी 'थोडं राह्यलंय' ऐकायची तयारी धम्मशीलानं केलीच होती.

"नको पिळू," तो म्हणाला. "झालं."