तुळशीरामशेठचा हसरा चेहरा

तुळशीरामशेठचं तोंड भिवंडीतल्या अर्ध्या निजामपुऱ्याने दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलं. पण असं काही घडलंच नाही, असं धरून आपण चालूया. शेठचीही तीच इच्छा आहे.

तर केसरीनाथ हा शेलार गावचा. चित्रकलेच्या परीक्षा देऊन तो भिवंडीत पेढ्यापेढ्यांवर हिंडत होता. कापडाच्या ठाणांवर चिकटवायची लेबलं काढावीत, एवढंच स्वप्न. "चित्र चांगलं हाय, पन आमचा मोर छाप हाय ना," म्हणत जो तो चहा पाजून वाटेला लावी. शेवटी बाप अनंता म्हणाला, "दसऱ्यापर्यंत काम मिळालं त ठीक. न्हायतर ब्रश ठेव नि लूमवर शिफ्ट धर."

दसरा तोंडावर आला आणि तुळशीरामशेठने बोलावलं. त्याला लुंगीच्या लेबलावर मोर नको होता, स्वतःचं तोंड हवं होतं. केसरीनाथने नमुन्याच्या फळीवर ते हुबेहूब काढलं. तिथेच चुकलं.

"मी येवढा मिळमिळीत हाय? मिशी दाट कर."

केली.

"डोलं मोठं कर. गिऱ्हाईक थबकलं पायजे."

केले.

"आता जरा हसव. दात दिसू दे."

दाखवले. सगळे.

शेठची बायको पार्वती कौतुकाने म्हणाली, "आता कसं, तुमीच वाटता!"

रंग वाळायला केसरीनाथने फळी कारखान्याच्या दारावर टांगली. संध्याकाळी आझमगडचा कारागीर खुशीत आला. "सेठ, बुरी नजर के लिए क्या नजरबट्टू लाए! सुबह से एक धागा नहीं टूटा."

"अरे, वो मैं है!"

कारागिराने शेठकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. "तभी तो," तो आदराने म्हणाला.

शेठने फळी उतरवली. दुसऱ्या दिवशी धागे तटातट तुटू लागले. दुपारी शेठ स्वतः स्टुलावर चढला, फळी परत टांगली आणि खाली न बघताच म्हणाला, "लेबलाचं राहू दे."

केसरीनाथ ब्रश गुंडाळत होता, तेवढ्यात शेजारचा कारखानदार आला. मग अंबाडी गावचा एक. दसऱ्याला यंत्रांची पूजा. सगळ्यांना त्याआधी फळी हवी. केसरीनाथने राक्षस सुचवले, भुतं सुचवली. "न्हाय, ह्येच तोंड पायजे. ह्याचा गुन आलाय." अनंता स्वतःची शिफ्ट बुडवून काळा रंग कालवू लागला.

केसरीनाथला एकच गोष्ट छळते. आपलं चित्र लोकांनी थांबून बघावं, असं त्याला फार वाटे. आता येणाऱ्याची पहिली नजर त्याच्याच चित्रावर पडते. आणि ती तिथेच मरावी, म्हणून तर ते टांगलेलं असतं.

शेठने मात्र नगरपालिकेत अर्ज दिला आहे: "तरी मेहेरबान साहेबांनी शहरहद्दीत नजर लागण्यास तातडीने बंदी करावी, म्हणजे अर्जदाराचे तोंड सर्व दारांवरून उतरवता येईल. मात्र उतरवण्याची सुरुवात अर्जदाराच्या कारखान्यापासून करू नये, ही नम्र विनंती."